ऑर्लेआंचे चार दिवस : जोनची श्रद्धा आणि तिचा हुकूम

१४२९ सालच्या मे महिन्यात, गुरुवार ५ तारखेपासून रविवार ८ तारखेपर्यंत, फ्रान्समधल्या ऑर्लेआं शहराला इंग्रजांनी घातलेल्या वेढ्यात, फ्रेंचांच्या बाजूने लढणाऱ्या जोन ऑफ आर्क हिने लढाईबाबत तीन निर्णय घेतले. गुरुवारी येशूच्या स्वर्गारोहणाचा सण होता, म्हणून तिने चिलखत अंगावर चढवले नाही. शनिवारी बाहेर पडायचे नाही असे सरदारांच्या मसलतीत ठरले असताना तिने हल्ला चढवायला लावला. रविवारी इंग्रजांची फौज मोकळ्या मैदानात लढाईसाठी रांगा लावून उभी राहिली, तेव्हा तिने आपल्या लोकांना हात आवरायला सांगितले. तिन्ही वेळा तिने कारण एकच दिले, ते म्हणजे देवाची इच्छा. आणि तिन्ही वेळा, आधी कुरकुर झाली तरी, सैन्याने तिचे ऐकले.

जोनची गोष्ट बहुतेक ठिकाणी चमत्कार म्हणून तरी सांगितली जाते किंवा शोकांतिका म्हणून तरी. दोन्ही प्रकारांत एक साधा प्रश्न मागे पडतो. जिच्याकडे कोणतेही लष्करी पद नव्हते, अशा सुमारे सतरा वर्षांच्या शेतकऱ्याच्या मुलीचा हुकूम कसलेल्या शिलेदारांमध्ये चालला कसा? माझे मत असे आहे की तिची श्रद्धा हीच तिची हुकूम चालवण्याची रीत होती. त्या श्रद्धेने सैन्याला शिस्त दिली, कधी लढायचे आणि कधी थांबायचे याचा नियम दिला, आणि मुख्य म्हणजे तो नियम सर्वांत आधी जोनलाच बांधून ठेवत असे. हे चार दिवस बारकाईने पाहिले की ही रीत कशी चालत होती ते दिसते, आणि पुढे ती कुठे तुटली तेही समजते.

वेढ्याची स्थिती

ऑर्लेआंला वेढा पडला तो १२ ऑक्टोबर १४२८ रोजी. शहर लुआर नदीच्या उत्तर काठावर होते आणि दक्षिणेकडे जाणारा मोठा दगडी पूल त्याच्या तटाला येऊन भिडत असे. पुलाच्या दक्षिण टोकाला तुरेल नावाचे दोन बुरुजांचे ठाणे होते आणि त्याच्या पुढे मातीचा भक्कम मोर्चा होता. ऑक्टोबर संपण्यापूर्वीच हे ठाणे इंग्रजांनी घेतले होते, त्यामुळे दक्षिणेचा रस्ता बंद झाला. पश्चिमेला त्यांनी एकापाठोपाठ एक गढ्या उभारल्या. पूर्वेला मात्र सँ-लूची एकच गढी होती आणि त्या बाजूने माणसे व थोडीफार रसद आत-बाहेर होत असे. शहराचा धनी, ऑर्लेआंचा ड्यूक शार्ल, १४१५ च्या आझँकुरच्या लढाईपासून इंग्लंडमध्ये कैदेत होता आणि त्याचा सावत्र भाऊ जाँ, पुढे द्युनुआचा काउंट म्हणून ओळखला गेलेला सेनानी, शहर लढवत होता. १२ फेब्रुवारी १४२९ रोजी इंग्रजांची रसद अडवण्याचा फ्रेंचांचा प्रयत्न रूव्रे येथे वाईट रीतीने फसला. त्यानंतर शहरात माणसे होती, तोफा होत्या, तटबंदी शाबूत होती. नव्हती ती लढण्याची उमेद.

दोंरेमी गावची जोन याच सुमारास शिनों येथे, ज्याला अजून राज्याभिषेक झाला नव्हता त्या सातव्या शार्लच्या दरबारात पोहोचली. तेराव्या वर्षाच्या सुमारास वडिलांच्या बागेत, उन्हाळ्यात, दुपारच्या वेळी आपल्याला प्रथम देवाकडून आलेली वाणी ऐकू आली, असे तिने पुढे, १४३१ साली रुआं येथे तिच्यावर खटला चालला तेव्हा, न्यायालयात सांगितले. दरबाराने तिला लगेच सैन्यात पाठवले नाही. प्वातिए येथे धर्मपंडितांनी तिची सुमारे तीन आठवडे चौकशी केली. खूण दाखव, असा आग्रह झाला तेव्हा आपण खुणा दाखवायला इथे आलेलो नाही, मला ऑर्लेआंला न्या म्हणजे खूण दिसेल, असे तिचे उत्तर होते. पंडितांचा अभिप्रायही त्याच धर्तीचा आला : तिच्यात वाईट काही आढळले नाही, तिला ऑर्लेआंला जाऊन पारखावे. म्हणजे ऑर्लेआं ही लष्करी मोहीम होती आणि त्याच वेळी तिच्या श्रद्धेची कसोटीही होती. हे लक्षात ठेवले नाही तर पुढच्या निर्णयांचे वजन कळत नाही. तिथे हार झाली असती तर शहर गेले असतेच, शिवाय तिच्या शब्दाला धर्माच्या दरबारातही काही किंमत उरली नसती.

ब्लुआची छावणी

सैन्य ब्लुआ येथे जमले तेव्हा जोनने पहिले काम केले ते छावणीच्या राहणीत. तिचा धर्मगुरू जाँ पास्केरेल याच्या साक्षीनुसार तिने क्रुसावरच्या ख्रिस्ताचे चित्र असलेले एक वेगळे निशाण करवून घेतले. रोज सकाळ-संध्याकाळ त्या निशाणाखाली धर्मगुरू जमत आणि येशूची आई मरिया हिची स्तोत्रे गात. जोन त्यांच्यात असे. शिपायांपैकी ज्याने त्या दिवशी पापनिवेदन, म्हणजे धर्मगुरूपुढे आपल्या पापांची कबुली, केले असेल त्यालाच त्या घोळक्यात येण्याची मुभा होती. बाकीच्यांनी आधी पापनिवेदन करून यावे, धर्मगुरू तयार आहेत, असे ती सांगत असे. छावणीतल्या वेश्यांना तिने बाहेर काढले, शिव्याशाप आणि लुटालूट यांवर बंदी घातली.

या नियमाचा लष्करी अर्थ असा की सैन्यात रोजची एक हजेरी सुरू झाली. पगार थकलेला, सरदार वेगवेगळे, तुकड्या वेगवेगळ्या, प्रत्येकाची निष्ठा आपापल्या नायकाशी, अशा जमावात एक वर्तुळ आखले गेले. त्यात यायला जात-कूळ किंवा हुद्दा लागत नव्हता, आपले वागणे सुधारावे लागत होते. जोनकडे सेनापतीचे पद नव्हते. राजाचा प्रतिनिधी म्हणून ऑर्लेआंत हुकूम द्युनुआचा चालत होता. पण या वर्तुळात कोण आले आणि कोण बाहेर राहिले, हे दिवसातून दोनदा तिच्या डोळ्यांसमोर ठरत होते. तूर येथे तिच्यासाठी शंभर लिव्र खर्चून चिलखत बनवले गेले होते आणि तलवारही होती. तरी आपल्याला तलवारीपेक्षा निशाण चाळीस पटींनी प्रिय आहे आणि कोणाला ठार मारावे लागू नये म्हणून हल्ल्यात आपण निशाणच हाती धरत असू, असे तिने रुआंच्या न्यायालयात सांगितले.

पुढच्या हकिकतीतला बराचसा भाग १४५५-५६ मध्ये, तिचा खटला रद्द करण्यासाठी झालेल्या चौकशीतल्या साक्षींवर आधारलेला आहे. घटनेला तोवर पाव शतक लोटले होते, साक्षीदार तिच्या बाजूचे होते आणि चौकशीचा रोखही ठरलेला होता. त्यामुळे त्या साक्षी जशाच्या तशा घेता येत नाहीत. पण ते एकमेकांच्या शब्दांत बोलत नाहीत, तपशिलात विसंगत बोलतात, आणि त्यातल्या कित्येकांनी स्वतःच्या चुकलेल्या सल्ल्याचीही कबुली दिली आहे. मला त्या साक्षींवर जो भरवसा वाटतो तो याच कारणाने.

गुरुवार ते शुक्रवार

जोन २९ एप्रिलला संध्याकाळी शहरात आली. ४ मे रोजी सँ-लूच्या गढीवर हल्ला सुरू झाला तो तिला न सांगताच. फ्रेंचांचे रक्त सांडते आहे आणि मला उठवले का नाहीस, असे ती आपल्या सेवकावर ओरडली आणि घोडा दौडवत पोहोचली. गढी पडली. ही तिची पहिली लढाई, आणि पास्केरेल सांगतो की मेलेले इंग्रज पापनिवेदन न करता मेले म्हणून ती रडली. त्याच संध्याकाळी तिने सांगितले की उद्या स्वर्गारोहणाचा सण आहे, मी लढणार नाही, शस्त्र घेणार नाही. आणि यापुढे पापनिवेदन केल्याशिवाय कोणी लढाईसाठी शहराबाहेर पडू नये.

विजयाच्या दुसऱ्या दिवशी थांबणे हे लष्करी नजरेने सोपे नसते. शत्रू हादरलेला असतो, आपले लोक चढाईला उतावीळ असतात. जोनने तो दिवस ख्रिस्तप्रसाद घेण्यात आणि इंग्रजांना तिसरे व शेवटचे पत्र लिहिण्यात घालवला. तिच्या दूताला इंग्रजांनी धरून ठेवले होते, म्हणून पत्र बाणाला बांधून तिरंदाजाकरवी पलीकडे सोडले. पलीकडून शिव्या आल्या आणि त्या ऐकून तिला रडू फुटले. इकडे सरदारांची वेगळी मसलत झाली आणि एका समकालीन बखरीनुसार खरा बेत त्यांनी आधी तिच्यापासून लपवला. तिने तो ओळखला आणि याहून मोठे गुपितही मी राखू शकते, असे सुनावले. तेव्हा सरदारांचा तिच्यावर पूर्ण विश्वास बसला होता असे मानण्याचे कारण नाही. त्यांना तिचा सैन्यावरचा परिणाम हवा होता, मसलतीतली तिची जागा नको होती.

शुक्रवारी फौज होड्यांतून दक्षिण काठावर उतरली. दिवसभराच्या चढउतारानंतर, माघार घेणाऱ्या फ्रेंचांवर इंग्रज तुटून पडले तेव्हा जोन आणि फ्रेंच सरदार ला हीर मागे फिरले आणि त्यांनी तुरेलच्या समोरची ऑगस्टिनी मठाची गढी घेतली. जोन दर शुक्रवारी उपवास करत असे. त्या रात्री मात्र ती इतकी थकली होती की तिने उपवास मोडून जेवण केले. पास्केरेलने हा बारीकसा तपशील सांगितला नसता तरी चालले असते. त्याने तो सांगितला म्हणून मला तो महत्त्वाचा वाटतो. सण पाळण्यासाठी अख्ख्या सैन्याला थांबवणारी ही मुलगी स्वतःच्या व्रताबाबत आंधळी हटवादी नव्हती.

जेवण झाल्यावर एक सरदार निरोप घेऊन आला. आपण संख्येने थोडे आहोत, देवाने आतापर्यंत भरपूर कृपा केली, शहरात अन्नसाठा आहे, तेव्हा राजाची कुमक येईपर्यंत थांबावे, उद्या बाहेर पडू नये, असे मसलतीत ठरले होते. हा सल्ला भित्रेपणाचा नव्हता. हिशेबी माणूस असाच सल्ला देईल. जोन म्हणाली, तुम्ही तुमच्या मसलतीत होता, मी माझ्या मसलतीत होते. माझ्या प्रभूची मसलत टिकेल आणि तुमची मोडेल. मग तिने पास्केरेलला उद्या नेहमीपेक्षा लवकर उठायला सांगितले, कारण उद्या फार काम आहे आणि माझ्या छातीच्या वर जखम होऊन रक्त येईल. हे भाकीत मागाहून रचले असावे अशी शंका स्वाभाविक आहे. परंतु ब्राबांतच्या एका सरदाराने २२ एप्रिल १४२९ रोजी, म्हणजे लढाईच्या दोन आठवडे आधी, लियोंहून लिहिलेल्या पत्रात ऑर्लेआंला ती बाणाने जखमी होईल पण मरणार नाही, असे तिचे म्हणणे नमूद आहे. त्याचा उलगडा कोणी कसाही करावा. जखम होणार हे धरूनच ती खंदकात उतरली, एवढे त्यातून निश्चित होते.

शनिवार, ७ मे

शहराचा अधिकारी राउल द गोकुर याला त्या दोन दिवसांत दरवाजे रोखून धरण्याचा हुकूम होता. नागरिक आणि शिपाई त्याला न जुमानता जोनच्या मागे बाहेर पडले, आणि आपल्या जिवावर बेतले होते हे गोकुरने पुढे स्वतः सांगितल्याची साक्ष आहे. तुरेलसमोरच्या मातीच्या मोर्चावर सकाळपासून चढाई सुरू झाली. शिडी लावताना जोनला मान आणि खांद्याच्या मध्ये बाण लागला. पास्केरेल म्हणतो की ती घाबरली आणि रडली. काही शिपायांनी जखमेवर मंतरण्याची तयारी दाखवली, तेव्हा जे पाप आहे असे मला ठाऊक आहे ते करण्यापेक्षा मी मरेन, असे म्हणून तिने ते नाकारले. जखमेवर ऑलिव्हचे तेल आणि चरबी लावली गेली. द्युनुआ मात्र सांगतो की तिने काही औषध लावलेच नाही. दोघेही त्या जागी होते. गोंधळात कोणी काय पाहिले याचा हा नमुना आहे. मंत्र नाकारण्याची गोष्ट मात्र पुढे तिच्यावर चेटकाचा आरोप करणाऱ्यांच्या अगदी उलट जाते.

संध्याकाळ झाली तरी मोर्चा पडेना. द्युनुआने माघारीचा निर्णय घेतला होता, हे त्याने स्वतःच सांगितले आहे. जोनने थोडे थांबण्याची विनंती केली, घोड्यावर बसून ती जवळच्या द्राक्षमळ्यात एकटी गेली, पाव तासाच्या निम्मा वेळ प्रार्थना करून परतली आणि निशाण हाती घेऊन खंदकाच्या काठावर उभी राहिली. तिचा कारभारी जाँ दोलों याची साक्ष याच क्षणाची दुसरी बाजू दाखवते. माघारीची तुतारी वाजली होती आणि निशाण दोलोंच्या ओळखीच्या एका बास्क शिपायाच्या हाती दिले होते. दोलोंला वाटले की निशाण पुढे गेले तर लोकही जातील, म्हणून तो त्या शिपायाला घेऊन खंदकात उतरला. आपले निशाण परक्याच्या हाती पाहून जोनने त्याचे टोक धरले आणि ओढले. निशाण जोराने हलले. लोकांना वाटले की ही इशारत आहे, आणि सगळे पुन्हा मोर्चावर तुटून पडले.

या दोन हकिकती एकमेकींना खोडून काढत नाहीत. एकीत प्रार्थना आहे, दुसरीत ओढाताण आणि गैरसमज. दोन्ही मिळून दिसते ते असे की त्या निशाणाची नुसती हालचाल हा हुकूम समजण्याइतकी फौजेची सवय झाली होती, आणि ती सवय ब्लुआपासून दिवसातून दोनदा निशाणाखाली जमून लागलेली होती. त्याच वेळी शहराच्या बाजूने पुलाच्या तुटलेल्या कमानीवर लाकडे टाकून लोक तुरेलवर चालून आले. इंग्रजांचा नायक ग्लासडेल चिलखतासह नदीत पडून बुडाला. तिला सर्वांत घाणेरड्या शिव्या देणारा तोच. त्याच्या आत्म्यासाठीही ती रडली.

रविवार

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅलबट आणि सफोक या इंग्रज सेनानींनी पश्चिमेच्या गढ्या सोडून फौज मैदानात उभी केली. जोन जखमेमुळे फक्त हलके साखळीचे चिलखत घालून आली. रविवारी लढणे योग्य का, असे विचारले गेले, तेव्हा आधी मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासना, ऐकू, असे ती म्हणाली. मैदानातच मेज मांडून दोन मिस्सा झाल्या. मग तिने इंग्रजांची तोंडे कुठे आहेत ते पाहायला सांगितले. ती मंग गावाच्या दिशेला, म्हणजे शहरापासून दूर, वळली आहेत असे कळल्यावर, जाऊ द्या त्यांना, असा तिचा हुकूम झाला. ते चालून आले तर मात्र बेधडक लढा, हेही तिने बजावले होते.

या निर्णयाला निव्वळ भाविकपणा म्हणणे मला पटत नाही. क्रेसी, प्वातिए, आझँकुर, व्हेर्नय या चारही लढायांत इंग्रज तिरंदाजांसमोर फ्रेंच फौजा भुईसपाट झाल्या होत्या. आदल्या दिवशीच्या लढाईने दमलेले सैन्य त्या रांगांवर घातले असते तर चार दिवसांची कमाई दुपारपर्यंत गेली असती. सरदारांना हे ठाऊक होते, पण विजयाच्या धुंदीतल्या जमावाला नुसती सावधगिरी सांगून थांबवता आले नसते. रविवारच्या नियमाने तो थांबला. गुरुवारी ज्या मुलीने स्वतःचे चिलखत उतरवून ठेवले होते, तिने सांगितले म्हणून तो थांबला. टॅलबटची फौज त्या दिवशी निसटली हे खरे. पण १८ जूनला पाते येथे तिरंदाजांची मांडणी होण्याआधीच ती गाठली गेली, मोडली गेली आणि टॅलबट कैद झाला.

पॅरिसचा खंदक

१७ जुलै १४२९ रोजी रँस येथे शार्लचा राज्याभिषेक झाला आणि त्यानंतर राजाची दिशा बदलली. इंग्रजांच्या बाजूने असलेल्या बर्गंडीच्या ड्यूकशी तहाच्या वाटाघाटी सुरू झाल्या. ८ सप्टेंबरला, इंग्रज आणि बर्गंडी यांच्या ताब्यातल्या पॅरिसच्या सँ-ओनोरे दरवाजावर हल्ला झाला. तो दिवस मरियेच्या जन्माचा सण होता. जोन पाण्याने भरलेल्या आतल्या खंदकाची खोली भाल्याने मोजत असताना तिच्या मांडीत बाण घुसला. अंधार पडेपर्यंत ती हटली नाही, आणि तिच्या मर्जीविरुद्ध तिला उचलून मागे नेणाऱ्यांत गोकुरही होता. राजाने पुन्हा हल्ला करू दिला नाही. नदीवर बांधलेला पूलही त्याने मोडून टाकायला लावला.

रुआंच्या न्यायाधीशांनी या सणाचा मुद्दा नेमका धरला. सणाच्या दिवशी हल्ला करणे बरोबर होते का? आधी तिने हा प्रश्न टाळला. पुढे १३ मार्च १४३१ च्या जबाबात तिने सांगितले की मरियेचे सण अगदी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाळणेच चांगले. आणि पॅरिसवर आपण वाणीच्या आज्ञेने गेलो नव्हतो, काही सरदारांना तिथे चकमक करून पराक्रम गाजवायचा होता, त्यांच्या विनंतीवरून गेलो, मात्र खंदक ओलांडून पुढे जाण्याचा आपला इरादा होता. प्राण पणाला लागलेले असताना दिलेले हे उत्तर मला सर्व साक्षींपेक्षा मोलाचे वाटते. ऑर्लेआं आणि पॅरिस यांतला भेद तिने स्वतःच ओळखला होता आणि अपयश वाणीच्या माथी मारले नाही. पॅरिससमोर तिचे धैर्य तसूभरही कमी नव्हते, पण तिथे थांबण्याचा आणि लढण्याचा नियम तिचा राहिला नव्हता. लढायचे की नाही हे दरबाराच्या वाटाघाटींवर ठरत होते, कधी लढायचे हे सरदारांच्या हौसेवर, आणि उरले होते ते फक्त तिचे निशाण.

पुढचा टप्पा तिने त्याच चौकशीत सांगितला. १४३० च्या ईस्टरच्या आठवड्यात मलँच्या खंदकांपाशी वाणीने तिला सांगितले की संत योहानाच्या सणाआधी, म्हणजे २४ जूनच्या आत, तू पकडली जाशील. तेव्हापासून युद्धाच्या बहुतेक गोष्टी तिने सरदारांच्या मर्जीवर सोडल्या आणि आपल्याला कळलेले त्यांना सांगितले नाही. २३ मे रोजी कोंपिएनच्या दरवाजातून ती ज्या चढाईला बाहेर पडली आणि पकडली गेली, तिच्यासाठीही वाणीची आज्ञा नव्हती, असे ती म्हणाली. त्याच वेळी आपण पकडले जाऊ हे ठाऊक असते तर स्वखुशीने गेले नसते. पण वाणीने जायला सांगितले असते तर परिणाम काहीही होवो, गेले असते, असा तिचा जबाब न्यायालयाच्या नोंदीत आहे.